मागे घेतलेलं अपील

नवनाथला दोनदा शिक्षा झाली, आणि दोन्ही वेळा त्याच पिंपांसाठी.

तो शिरपूरकडचा. सिल्वासाजवळ गलोंड्याच्या एका केमिकल कारखान्यात टेम्पो चालवायचा, गोदामाची किल्लीही सांभाळायचा. १९८९च्या उन्हाळ्यात नाक्यावर त्याचा टेम्पो अडवला आणि पिंपांत नशेच्या गोळ्यांची पावडर निघाली. मॅनेजर चंद्रकांत यांनी ‘रंगाचं सामान आहे’ असं सांगून ती भरून दिली होती. त्याच दिवशी दोघांनाही धरलं. माल नेल्याबद्दल एक खटला चालला, तोच माल आधी गोदामात ठेवल्याबद्दल दुसरा. नव्या कायद्यात दहा वर्षांखाली शिक्षाच नव्हती. दोघांनाही दोन्हींत दहा-दहा वर्षं. एक संपली की दुसरी सुरू.

दोघांनी मुंबईला अपील केलं. नवनाथची बायको सरिता लहानग्या गुड्डीला घेऊन टोकरखाड्यातल्या खोलीवर राहिली आणि धाग्याच्या कारखान्यात कामाला लागली.

काही वर्षांनी गावाकडे नवनाथच्या वडिलांनी, आबांनी, अंथरूण धरलं. नवनाथने रजा मागितली. अपील चालू असलेल्या कैद्याला रजा नाही, असं उत्तर आलं.

“अपील मागे घेतो,” तो भेटीच्या जाळीतून म्हणाला.

“प्रमिलाबाईंना विचारू तरी,” सरिता म्हणाली. प्रमिलाबाई त्याच्या वकील होत्या.

“विचारून होईपर्यंत बाप थांबणार आहे का?”

सरिताने अडवलं नाही. त्याला रजा मिळाली. आबांनी त्याला ओळखलं, त्याच्या हातून दोन घास पेज खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी गेले. क्रियाकर्म उरकून नवनाथ ठरल्या दिवशी आपल्या पायाने तुरुंगात परत आला.

१९९६ साली प्रमिलाबाईंनी सरिताला बोलावून घेतलं.

“दुसऱ्याच एका खटल्यात वरच्या कोर्टाचा निकाल आलाय. एकाच मालासाठी दोनदा शिक्षा देता येणार नाही.”

सरिताने विचारलं, “म्हणजे दुसरी शिक्षा गेली?”

“आधी लागलेल्या शिक्षांना हा नियम लावायचा का, तोच प्रश्न आहे. ज्यांचं अपील चालू आहे त्यांना फायदा मिळेल. नवनाथचं...”

“त्यांनी बापासाठी मागे घेतलं हो!”

“ते मी कोर्टाला सांगेन.”

त्यांनी सांगितलं. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकलं, मामला कठीण आहे असंही म्हणाले. पण संपलेले खटले पुन्हा उघडले तर कशालाच शेवट राहणार नाही, म्हणून अर्ज फेटाळला. चंद्रकांत यांचं अपील तेव्हा चालूच होतं. त्यांची दुसरी शिक्षा रद्द झाली.

सरिताने हे जाळीपलीकडे नवनाथला सांगितलं.

“मी चुकलो का गं?” त्याने विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. तिला तसंच वाटत होतं. नवनाथने जाळीला कपाळ टेकलं आणि तो रडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

१९९९च्या उन्हाळ्यात दोघांची पहिली शिक्षा एकाच दिवशी संपली. चंद्रकांत बाहेर पडले. नवनाथची दुसरी सुरू झाली.

आठवड्याभरात चंद्रकांत टोकरखाड्याला आले. केस पिकलेले, सदरा अंगावर लोंबत होता. ते दारातच उभे राहिले.

“वहिनी, मी काही करू शकतो का?”

“पिंपांत काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. कोर्टात का बोलला नाहीत?”

“वकील म्हणाले होते, तोंड उघडू नका. उघडलं असतं तर मीच...”

“मग आता उघडा. आता तुमचं काय जाणार आहे?”

चंद्रकांत यांनी मान खाली घातली. “घरी बायको आहे, मुलगी कॉलेजात आहे. पुन्हा कोर्टाची पायरी नको, वहिनी.”

सरिताने त्यांना बसा म्हटलं नाही. ते थोडा वेळ घुटमळले आणि निघून गेले.

“कोण होतं, आई?” कामावरून आलेल्या गुड्डीने विचारलं. तीही आता आईच्याच कारखान्यात जात होती.

“बाबांच्या कारखान्यातले साहेब.”

“बाबांबद्दल काही सांगितलं?”

“नाही,” सरिता म्हणाली आणि पीठ मळायला बसली.

रविवारी ती भेटीला गेली. साहेब येऊन गेल्याचं तिने नवनाथला सांगितलं नाही.