मागल्या दाराची पायरी

दुपारी त्या देवळात उजेडसुद्धा पाय न वाजवता आत येई. सत्यवती खांबाला टेकून बसली होती. समोर देवाच्या ओल्या काळ्या पाषाणावर पिटकुळीच्या फुलाच्या दोन लाल पाकळ्या चिकटून होत्या, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पेडण्यात लग्नं, विहिरी आणि भांडणं ह्यांचे निकाल असेच लागत आलेत.

"काकी, अर्धो तास झालो," यशवंत गुरव म्हणाला. "देवाक दुसरी कामां असतत. इचारलंस तरी काय?"

"मयेक जाव काय नको, तां."

"मयेक जावक बस लागता गो. कौल कित्याक?"

ती हसली नाही. काल सुविधाचा, भाचीचा, फोन आला होता. "मावशे, आईची उजवी बाजू गेली. हात उठणा नाय, वाचा जड झाली. ती काय तुका बोलवूची नाय, तू तिका वळाखतस. पण दारात गाडी थांबली की मान वळवता."

सरस्वती आक्का तिची थोरली बहीण. भाऊ नव्हता, म्हणून शेवटी आई आक्काकडेच, मयेला, राहिली. सत्यवती रविवारी जायची. सफरचंदांची पिशवी, पुढल्या खोलीतली खुर्ची, आईच्या पायांना हात आणि चारची बस. आईच्या बाराव्याला, भरल्या माणसांत, आक्का म्हणाली होती, "पावणी इली तशी पावणी गेली." त्या एका शब्दाला सहा वर्षं झाली, आणि तेव्हापासून सत्यवती मयेला गेली नव्हती.

त्याच साली ती अनंत मास्तरांच्या ओसरीवर गुरुवारच्या पोथीला जाऊ लागली. मास्तर चष्मा पुसत म्हणायचे, "सगळं त्याच्यावर सोपवा. मी करतो, मी करतो, हे ओझं खाली ठेवा." शब्द कसे थंडगार, विहिरीतल्या पाण्यासारखे. सत्यवतीला ते इतके आवडले, की ती सोपवतच सुटली. मुलाच्या घराला रंग कुठला, गाय विकायची की ठेवायची, सगळं पाकळीवर. मन पिसासारखं हलकं झालं होतं. आता आक्काही सोपवली.

गाभाऱ्यात पाणी ठिबकत होतं. टप्... टप्... मध्येच तो आवाज रगड्याचा झाला. डोळे मिटले होते की उघडे होते, कोण जाणे. आई रगड्याशी बसली होती, कोपरापर्यंत पिठाळ, आणि गात होती:

पुढल्या दारी रांगोळी, आला-गेला बघूं दे
मागल्या दारी पायरी, माझी भैण येऊं दे

चिऱ्याच्या पायरीवर दोन मुली एकमेकींच्या वेण्या घालत होत्या. सत्यवती मात्र पुढल्या खोलीत, चांगल्या लुगड्यात, खुर्चीच्या कडेवर बसलेली. ट्रेमधून चहा आला. मागून हसण्याचा आवाज येत होता आणि मधे नुसता पडदा होता, वाऱ्याने फुगणारा.

"आये, मी आत येव?" तिने विचारलं.

आईचा हात थांबला नाही. "कौल घेतलंस काय गो?" असं म्हणून ती खळखळून हसली.

सत्यवतीचे डोळे उघडले. पाकळ्या होत्या तिथेच होत्या. आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की अर्धा तास तिची नजर एका डाव्याच पाकळीवर होती. ती पडावी, एवढंच ती बघत होती. पडली असती, तर आपण सुटलो असतो. देवानेच नको म्हटलं, असं सुविधाला सांगता आलं असतं. इतकी वर्षं आपण देवाकडे ओझं दिलं, की नुसतं निमित्त मागितलं?

"यशवंता, काढ त्यो पाकळ्यो."

"कौल अर्धो सोडून?"

"अर्धो नाय रे. मी त्याच्यावर सोपवलां, त्याणी परत माझ्यावर सोपवल्यान."

म्हापशाला बस बदलताना हात सवयीने सफरचंदांकडे गेला. तिने तो मागे घेतला. सफरचंदं पाहुणे नेतात. कोपऱ्यावरच्या मासळीवाल्या बाईकडून तिने सुकी सुंगटं घेतली, कागदात बांधून, आणि डिचोलीच्या गाडीत चढली.

मयेच्या तळ्यावर ऊन कलंडलं होतं. घर आलं. पुढल्या अंगणात रांगोळी होती, पडवीत खुर्ची होती. सत्यवती पोफळींच्या बाजूने वळसा घालून मागे गेली. पायरीपाशी सांडपाण्याचा राडा होता. तिने चपला काढल्या.

चुलीपाशी सुविधा दचकली. "मावशे! अगो पुढल्यान ये, हंय चिखल आसा!"

"आसूं दे. पेज शिजली काय? जा, तू वाईच पाठ टेक."

तिने पदर खोचला, सुंगटं फळीवर टाकली, हात धुतले. पेज वाटीत निववून ती आत गेली.

आक्का खाटेवर उशीला टेकून होती, डोळे पुढल्या दाराकडे लावून. मागून कुणी येईल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. चमचा ओठांशी आला तेव्हा तिची मान वळली. बाहेर तळ्यावरून पक्षी ओरडत गेले. आक्काने तोंड उघडलं, घोट घेतला. तिच्या कपाळाला आठी पडली. डावा हात उठला, हवेत डळमळला आणि सत्यवतीच्या मनगटावर आला.

"सत्ये," ती म्हणाली. एकेक शब्द चिऱ्यासारखा उचलून ठेवत. "मीठ... घालूक... नाय?"

सत्यवती तशीच उठून चुलीकडे गेली. ह्या रांधपघरात ती आजच्या आधी कधी शिरलीच नव्हती. पहिल्या डब्यात साखर निघाली. दुसऱ्यात रवा. तिसऱ्याचं झाकण उघडताना खोलीतून आवाज आला, तुटका आणि चिडका:

"खालची... फळी... गो!"

"बघतंय गो आक्का," सत्यवती म्हणाली, आणि खाली वाकली.