झेलिहाच्या सुईने धरलेला डूख

मी एक जुनी सुई आहे मित्रांनो, कमरेत जराशी वाकलेली आणि डूख धरणारी. बाकीच्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या, की आधी 'आमची कुणाबद्दल तक्रार नाही' असं म्हणून घेतात. माझी आहे. तिचं नाव पेरिहान, आणि तिचं नाव घेतल्याशिवाय मला माझं आयुष्य सांगताच येणार नाही.

जन्माबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. कारखान्यात तारेचा तुकडा कापला, एक टोक घासलं, दुसरीकडे भोक पाडलं, की झाली सुई. माझं खरं आयुष्य सुरू झालं तुर्कस्तानातल्या ओदेमिश गावच्या शनिवारच्या बाजारात. गुल्लू नावाच्या एका बाईने पुडीतल्या सगळ्या सुया बोटावर टोचून पाहिल्या. माझी पाळी आली तेव्हा तिच्या बोटावर रक्ताचा टपोरा थेंब आला आणि ती खूश झाली. "ही चावते. हीच दे," असं ती दुकानदाराला म्हणाली. मला तेव्हा फार अभिमान वाटला.

आमच्याकडच्या बायका डोक्याला पातळ सुती रुमाल बांधतात आणि त्याच्या काठाला रेशमी धाग्याने फुलं, फळं, पानं विणतात. त्याला ना हूक लागतो ना माग. नुसती सुई आणि गाठीवर गाठ. या किनारीला ओया म्हणतात. तोंडाने बोलायची सोय नसते ते बाई ओयातून बोलून घेते. सासूशी गोडीगुलाबी असेल तर सून तिला हिरव्या गवताची ओया देते. कुणाशी वाजलं असेल तर लाल मिरचीची. नवऱ्यावर भडकलेली बाई मिरच्यांचा रुमाल बांधून बाजारातून नुसती एक चक्कर मारून येते. दिवस मावळायच्या आत गावभर बोभाटा होतो आणि नवरा हलव्याचा पुडा घेऊन मुकाट्याने घरी येतो. हे सगळं आमच्या जिवावर चालतं.

गुल्लूने माझ्याकडून एक नवा नमुना घडवून घेतला होता, डाळिंबाच्या फुलाचा. बोटाच्या पेराएवढं फूल, पाकळ्यांच्या कडा बाहेर वळलेल्या आणि मध्ये पिवळा मणी. पाकळ्या ताठ राहाव्यात म्हणून ती साखरेच्या पाण्याचं बोट फिरवायची आणि मग मुंग्यांना शिव्या देत बसायची. ती गेली तेव्हा मी आणि ते फूल अशी दोघं तिच्या मुलीकडे, झेलिहाकडे आलो.

झेलिहाच्या डब्यात माझे दिवस सुखाचे गेले. शेजारी मोजे विणायच्या दोन जाड सुया होत्या, फार बडबड्या. लोकरीचं एवढं कौतुक मी कुठे ऐकलं नाही. दुपारी कामं आटोपली की झेलिहा तुतीच्या झाडाखाली बसायची, चहाचा पेला गुडघ्याशी ठेवायची आणि मला उचलायची. मित्रांनो, एवढंसं फूल पुरं झालं की तिच्या चेहऱ्यावर जो आनंद यायचा, तो मी दुसऱ्या कशात पाहिला नाही. ती ते तळहातावर घेऊन वळवून वळवून बघायची आणि स्वतःशीच हसायची. डाळिंबाचं फूल मात्र ती आतल्या खोलीत, दार लावून विणायची. ते तिच्या मुलीच्या, एमिनेच्या रुखवतासाठी होतं. नवा नमुना रुखवत मांडायच्या दिवशीच चारचौघींत उघडायचा, ही आमच्याकडची रीत आहे.

पेरिहान ही झेलिहाची धाकटी जाऊ. लग्नानंतर इझमिर शहरात राहायला गेली आणि डोक्यावरचा रुमाल त्याच आठवड्यात सुटला. त्याला माझी हरकत नाही, ज्याचं डोकं त्याचं. पण ती सुट्टीला आली, पलंगावर पसरली आणि मला डब्यातून उचलून तिने माझ्या टोकाने मोबाइलचं सिमकार्ड काढलं! निघत नव्हतं म्हणून जोर लावला. माझी कंबर वाकली ती तेव्हा.

"अगं, सुई आहे ती माझ्या आईची," झेलिहा म्हणाली नाही, कारण ती तेव्हा स्वयंपाकघरात होती. तिच्या वतीने हे मी म्हणाले, पण सुईचं ऐकतो कोण. त्या दिवशी पेरिहानने आणखी एक काम केलं. डब्याच्या तळाशी कागदात गुंडाळलेलं डाळिंबाचं एक फूल होतं. तिने ते बघितलं, कानाशी धरून आरशात पाहिलं आणि पर्समध्ये टाकलं.

पुढे काय झालं ते आम्हाला कळलं एमिनेच्या रुखवताच्या दिवशी. भिंतीवर दोरी बांधून झेलिहाने रुमाल टांगले होते, सगळ्या काठांना डाळिंब फुललेलं. शेजारची हनिफे आत आली, तिने हात गालावर ठेवला आणि मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, ही तर पेरिहानची कानातली! इझमिरला तिच्या दुकानात लटकतात. माझ्या भाचीने गळ्यातलंही घेतलंय तसलंच. झेलिहा, तू तिचा नमुना उचललास होय?"

"माझ्या आईचं फूल आहे ते," झेलिहा म्हणाली.

"असेल गं, असेल," हनिफे म्हणाली. तोंडात 'असेल' होतं, सुरात मात्र 'नसेलच' होतं. बायका एकमेकींकडे बघून रुमालांवरून नुसता हात फिरवू लागल्या. एमिने आत जाऊन रडली. स्वतःच्या आजीच्या फुलासाठी पोरगी चोर ठरली होती. झेलिहा पाहुण्या जाईपर्यंत चहा देत राहिली, आणि सगळ्या गेल्यावर तिने मला डब्यातून काढून उजेडात धरलं.

"टोक आहे ना अजून?" तिने विचारलं.

होतं. माझी कंबर वाकली होती, टोक नाही. त्या क्षणापासून मी आणि झेलिहा एका कटात होतो, आणि खरं सांगते, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात गोड काळ होता.

पुढच्या वसंतात पेरिहानच्या मुलीचं, सेलीनचं लग्न ठरलं. नवरा मुलगा ओदेमिशचाच. त्याची आई मुरुव्वेतबाई म्हणजे जुन्या वळणाची, भरदार देहाची, खणखणीत आवाजाची आणि ओयावर जीव टाकणारी बाई. तिच्याकडच्या बायकांना आहेराचे रुमाल द्यायचे, तेही कुणी न पाहिलेल्या नमुन्याचे, म्हणून पेरिहान परत झेलिहाच्या दारात आली. काही घडलंच नाही असा चेहरा करून.

"झेलिहाताई, झालं गेलं विसरून जा हं. घरातलंच फूल होतं, घरातल्याच माणसाने घेतलं," ती खुर्चीत बसता बसता म्हणाली. "एखादा नवा नमुना दाखव ना. तुझ्या हातात जादू आहे."

"नवं कुठलं आता माझ्याकडे," झेलिहा म्हणाली. "चहा टाकते."

ती उठली. मांडीवरचं काम तिने खुर्चीवर ठेवलं, अगदी सहज, आणि आत जाताना माझ्याकडे एक नजर टाकून गेली. कापडाच्या काठावर आम्ही एक ओळ विणून ठेवली होती. ओया विणताना काठ पोटाशी आणि फुलं वर, आभाळाकडे असतात. बुडाशी हिरवी पानं आणि त्यातून वर आलेली टोकदार, लालचुटुक, तकतकीत ट्यूलिपची कळी. इतकं देखणं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं. पेरिहानने स्वयंपाकघराकडे पाहिलं, मोबाइल काढला आणि फोटो घेतला. मी त्या कळ्यांच्या शेजारी खोचलेली होते. फोटोत मीसुद्धा आले असेन.

आता कुणी म्हणेल, यात कट कसला? मित्रांनो, रुमाल डोक्याला बांधला की ओया कपाळावर खाली लोंबते. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. पण पेरिहानने कित्येक वर्षांत रुमाल बांधलाच नव्हता. तिने तो फोटो दूरच्या एका गावातल्या विणणाऱ्या बायकांना पाठवला. त्यांनी किनारी विणल्या, रुमालांना शिवल्या आणि घड्या घालून गठ्ठा बांधून पाठवला. त्यांना ती कळी उलटी, म्हणजे मिरचीच दिसली असणार. मिरचीची ओयाही आमच्याकडे बायका विकत घेतात, कोण कशाला विचारतंय.

मला नुसत्या आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. पण कट रचून झाल्यावर झेलिहाने माझ्यात हिरवा धागा ओवला, तेव्हा मात्र मी नाराज झाले. ती गवताची ओया विणायला बसली होती. सेलीन आशीर्वाद घ्यायला आली तेव्हा झेलिहाने तिला जवळ बसवलं, मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "लहानपणी शिकवलं होतं, आठवतंय का बघू. घाल चार गाठी." पोरीने जीभ बाहेर काढून गाठी घातल्या, सगळ्या तिरक्या. मला जास्त हसू आलं नाही, कारण मी वाकडी असले तरी ती मला फार जपून धरत होती. तरीही सूड घ्यायचा तर पुरता घ्यावा, त्यावर उतारा कशाला, असं माझं मत होतं.

आहेराच्या दिवशी झेलिहाने मला हिरव्या दोऱ्यासकट कोटाच्या कॉलरला खोचून घेतलं, त्यामुळे मला सगळं समोरच दिसलं. मुरुव्वेतबाईंच्या घरी बायका भिंतीला लागून बसल्या होत्या. पेरिहान मलईच्या रंगाचा रेशमी पोशाख घालून मध्यभागी होती, शेजारी सेलीन. गठ्ठा सुटला, रुमाल वाटले गेले. पेरिहान मांडीवर काठ उभा धरून दाखवत होती आणि बायका 'माशाल्ला, माशाल्ला' करत होत्या. मुरुव्वेतबाईंनी हौसेने आपला जुना रुमाल सोडला, नवा बांधला आणि आरशासमोर उभ्या राहिल्या.

बायका माना उंचावून बघू लागल्या.

त्यांच्या कपाळभर लाल मिरच्या लोंबत होत्या, देठासकट.

"सूनबाई," मुरुव्वेतबाई आरशातूनच म्हणाल्या, "अजून उंबरठा ओलांडला नाहीस आणि सासूच्या कपाळावर मिरच्या? अगं, निदान माझ्या हातचं जेवून तरी बघायचंस, मग भांडायचं होतं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. नवऱ्या मुलाची आत्या हसली नाही. तिने आपला रुमाल घडी घालून पेरिहानच्या पुढ्यात ठेवला. "आहेरातच ज्यांनी मिरच्या धाडल्या, त्यांची मुलगी आपल्याला झेपायची नाही, वहिनी," ती म्हणाली. सेलीनचा चेहरा पांढराफटक पडला.

"मिरच्या कसल्या? ट्यूलिप आहेत ते!" पेरिहान ओरडली. "हे बघा ना, असं धरून बघा. कळ्या आहेत!"

"तुझ्या मांडीवर असतील कळ्या. मी काय डोकं खाली आणि पाय वर करून हिंडू?" मुरुव्वेतबाई वळल्या. "नमुना कुणाचा आहे हा?"

याच प्रश्नासाठी आम्ही एवढं रेशीम खर्ची घातलं होतं. नमुना माझा म्हणावं, तर सगळा अपमान तिच्याच पदरात. दुसरीचा म्हणावं, तर चोरी कबूल. पेरिहान झेलिहाकडे पाहू लागली. झेलिहाने चहात साखरेचा आणखी एक खडा टाकला आणि सावकाश ढवळला. तो चमच्याचा आवाज मला अजून आठवतो आणि अजून बरं वाटतं.

"बोल ना पेरिहान," झेलिहा म्हणाली. "तुझ्या दुकानात सगळे नमुने तुझेच असतात ना?"

"झेलिहाताईचा आहे," पेरिहान शेवटी म्हणाली. "मी फोटो काढला. तिला न विचारता."

मुरुव्वेतबाईंनी हळूच आपल्या कानाला हात लावला. कानात डाळिंबाची फुलं होती, इझमिरच्या दुकानातून घेतलेली. "आणि हे?"

"तेही," पेरिहान म्हणाली. आवाज इतका बारीक झाला होता, की आत्याने "काय?" म्हणून विचारलं, आणि तिला ते पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं. "तेही माझं नाही. तिच्या आईचं आहे. गुल्लूबाईंचं."

हनिफे त्याच भिंतीला बसली होती. तिने एमिनेकडे पाहिलं आणि मान खाली घातली. एमिने आईच्या शेजारी ताठ बसली होती. मला वाटलं होतं ती हसेल, पण तिचे डोळे भरून आले होते.

मग झेलिहाने पिशवीतून हिरव्या गवताचा रुमाल काढला. "हा खरा आहेर आहे, मुरुव्वेतबाई. यातल्या तिरक्या गाठी सेलीनच्या हातच्या आहेत. माझा हिशोब तिच्या आईशी होता. पोरीशी नव्हता."

मुरुव्वेतबाईंनी गवताचा काठ डोळ्यांजवळ नेला आणि तिरक्या गाठी शोधून काढल्या. "ही गाठ बघा, जनावराने चरल्यासारखी," त्या म्हणाल्या, आणि सेलीनला ओढून त्यांनी तिचं कपाळ चुंबलं. आत्याने पुढ्यात ठेवलेला रुमाल परत उचलला. "राहू दे माझ्याकडे. आमच्या ह्यांच्यासाठी कामाला येईल," ती म्हणाली.

सगळ्यांदेखत पेरिहान उठली, रडत आली आणि झेलिहाच्या गळ्यात पडली. "माफ कर ताई, माफ कर," म्हणत तिने छाती कॉलरवर घट्ट दाबली. कॉलरला मी होते. मला तिरकं होता आलं असतं, पण मी झाले नाही.

"आई गं!" ती किंचाळली. मलईच्या रेशमावर डाळिंबाच्या दाण्याएवढा लाल ठिपका उमटला. झेलिहाने मला पुसलं आणि परत जागेवर खोचलं.

इझमिरच्या दुकानात आता त्या कानातल्यांखाली 'गुल्लूचं फूल' अशी पाटी आहे. अक्षर सेलीनचं आहे. मला पश्चात्ताप वगैरे झालेला नाही, आणि होईल असं वाटतही नाही.

तेव्हा मित्रांनो, सुईने फक्त शिवा आणि विणा. काम झालं की तिला पुसून लोकरीच्या गुंड्यात खोचा, म्हणजे ती गंजत नाही. कुणाच्या हातचं काही आवडलं तर विचारा. विचारलं की बायका नमुना देतात, गाठ शिकवतात, वर चहा पाजतात. न विचारता घेतलंत, तर झेलिहाच्या कॉलरला मी अजून आहे, आणि मला अजून टोक आहे.