चौथा नमुना

माझ्या पाठीमागे मला मोजपट्टी म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि मला त्याचा राग येत नाही. प्रौढांच्या परीक्षेतले समाजशास्त्राचे निबंध तपासायला मी लोकांना शिकवते. हे शिकणारे स्वतः प्रौढांचे शिक्षक असतात. कुणी कारखान्यात वर्ग घेतं, कुणी तुरुंगात, कुणी रात्रनिवाऱ्यात. सगळ्यांची मनं लोण्यासारखी असतात, आणि निबंध तपासताना लोणी काही कामाचं नाही. एकाच निबंधाला एकाने चार आणि दुसऱ्याने एक दिला, तर लिहिणाऱ्याचं नशीब परीक्षकाच्या मूडवर गेलं. म्हणून मी डोक्यावर बसते. दहा माणसं, एक निबंध, एकच गुण. तो येईपर्यंत मी कुणाला चहाला सोडत नाही.

या कामाला नमुने लागतात. नमुना म्हणजे जुन्या परीक्षेतल्या खऱ्या निबंधाची झेरॉक्स, जिचे गुण आधीच ठरलेले असतात. चार गुणांचा निबंध कसा दिसतो, एकाचा कसा, शून्याचा कसा, हे त्यावरून शिकवायचं. माझ्या पाकिटात असे दहा आहेत आणि त्यातला चौथा माझा लाडका होता. पुराव्याच्या रकान्यात चारपैकी शून्य. इतकं स्वच्छ शून्य शोधून सापडत नाही. अकरा वर्षांपूर्वी तो निबंध परीक्षक म्हणून पहिल्यांदा माझ्याच हाती आला, शून्य मीच दिलं आणि नमुना म्हणून निवडलाही मीच.

प्रश्न होता, कामाचे तास कायद्याने ठरवावेत का? सोबत दोन उतारे होते. एक जुन्या काळच्या गिरणीमालकाचं भाषण, दुसरा कारखाना निरीक्षकाचा अहवाल. नियम साधा आहे. पुरावा या उताऱ्यांतून द्यायचा. स्वतःचं रडगाणं कितीही खरं असलं तरी त्याला गुण नाहीत.

चौथ्या नमुन्यातला माणूस पानभर स्वतःचंच सांगतो. 'माझी पाळी बारा तासांची असते. दहाव्या तासाला मला घड्याळं दोन दोन दिसतात आणि दोन्ही खोटी वाटतात.' असं बरंच काही. आणि पानाच्या अगदी शेवटच्या ओळीत लिहितो, 'आता मी दिलेल्या उताऱ्यांकडे येतो.' संपला निबंध.

इथे माझा विनोद ठरलेला असायचा. "येतो म्हणाला, पण बाबा काही आला नाही! बसलाय कुठेतरी वाटेत. द्या भोपळा!" अकरा वर्षं प्रत्येक तुकडी या वाक्याला हसली. सकाळपासून आखडलेली माणसं इथे सैल व्हायची, म्हणून मी तो निबंध मुद्दाम जेवणाच्या आधी घ्यायची.

त्या दिवशी नऊ जण होते. खोली नेहमीचीच. लांब टेबलं, भिंतीवर गुणांचा तक्ता, एक ट्यूबलाइट फडफडणारी. मी विनोद केला, आठ जण हसले. निवृत्त बस कंडक्टर होते एक, आता डेपोत वर्ग घेतात. ते तर टेबलावर थाप मारून म्हणाले, "मॅडम, असे प्रवासी आम्ही रोज बघायचो. येतो येतो म्हणतात आणि बस सुटते!"

हसल्या नाहीत त्या धुलाईवाल्या ताई. हॉस्पिटलच्या धुलाईघरात आधी चादरी धुवायच्या, आता तिथल्याच बायकांना जेवणाच्या सुट्टीत शिकवतात. चौदा बायकांचा वर्ग. अंगाने बारीक, हात मात्र साबणाने कायमचे उललेले. त्यांनी चौथा नमुना डोळ्यांजवळ धरला होता.

"बाई, हे मधेमधे करडं करडं काय आहे?" त्यांनी विचारलं.

"मशीनची काच घाण होती त्या काळी," मी म्हणाले. हेही मी अकरा वर्षं सांगत आले होते.

दुपारी चाचणी झाली. दहाही नमुन्यांना ठरलेले गुण द्यायचे. दोन चुकले तरी चालतात, पण पहिला आणि चौथा अचूक आलाच पाहिजे, कारण एक पूर्ण गुणांचा आणि एक शून्याचा. त्यात नापास झालं तर दुसऱ्या दिवशी सकाळी एक संधी मिळते. तीही गेली तर तपासायचा परवाना नाही, आणि यंदापासून परवाना नसलेल्याचा वर्ग बंद करायचा असा वरून हुकूम होता. हे मी सकाळीच सगळ्यांना बजावलं होतं.

धुलाईवाल्या ताईंचे नऊ अचूक आले. चौथ्याच्या चौकटीत गुणच नव्हता. लिहिलं होतं, 'मागची बाजू द्या.'

माझा पारा चढला. सगळे गेल्यावर मी त्यांना थांबवलं. "ताई, परीक्षा तुमची चालली आहे की माझी? मागे काही नाही. हा निबंध एवढाच आहे."

"एवढाच नाही, बाई. हा माझा दादा आहे."

मला आधी कळलंच नाही.

"अक्षर त्याचं आहे," त्या म्हणाल्या. "आणि ते दोन घड्याळांचं तो घरीही बोलायचा. परीक्षा देऊन आला तेव्हा मला म्हणाला, जागा पुरली नाही, जादा कागद मागितला तर परीक्षेच्या हॉलवरच्या बाई म्हणाल्या मागे लिहा. मग मागचं पान पण गच्च भरलं. खुशीत होता हो. निकालात पुराव्याला शून्य आलं. पास व्हायला दोन गुण कमी. तो सारखा म्हणायचा, मी लिहिलं होतं. वडील म्हणायचे, लिहिणारा बघा! घरात त्याला भोपळा नाव पडलं. मीसुद्धा म्हणायची."

"पुन्हा बसले नाहीत ते?"

"नाही. पास झाला असता तर स्टोअरला घेणार होते, सावलीतलं काम. मग बॉयलरवरच राहिला. तिसऱ्या वर्षी वाफेची नळी फुटली. पाळी सुटायला अर्धा तास होता."

त्या रडल्या नाहीत. नमुना उजेडाकडे धरून त्यांनी मला करड्या रेषा दाखवल्या. ओळींच्या मधोमध, उलट्या दिशेने जाणाऱ्या, एकसारख्या अंतरावर. काचेची घाण अशी रांगेत बसत नाही. मोजपट्टी म्हणवून घेणाऱ्या बाईला हे अकरा वर्षांत दिसलं नव्हतं.

"सकाळपर्यंत बघून ठेवते," मी म्हणाले.

ज्या गठ्ठ्यातून नमुना निवडला तो अख्खा गठ्ठा जपायचा असा आमचा नियम आहे. त्या काळी मूळ पानावर नाव झाकून झेरॉक्स काढायचे, झेरॉक्स परीक्षकाकडे जायची आणि मूळ पान गठ्ठ्यात पडायचं. गठ्ठे दुसऱ्या मजल्यावर लोखंडी मांडण्यांवर आहेत. शिपायाकडून किल्ली घेतली, स्टुलावर चढले, सुतळी सोडली. पान सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. दहा मिनिटांचं काम होतं ते.

उलटलं. मागची बाजू वरपासून खालपर्यंत भरलेली होती. 'निरीक्षक अहवालात म्हणतात की निम्म्याहून जास्त अपघात पाळीच्या शेवटच्या दोन तासांत झाले. मालक म्हणतात मजुराला जास्त तास हवे असतात. पण मालकांनी भाषणात एकाही मजुराचं बोलणं दिलेलं नाही, मग हे त्यांना कुणी सांगितलं?' मी पंचवीस वर्षं निबंध तपासते आहे. हा प्रश्न विचारणारे मला चार-पाचच भेटले असतील.

मी स्टुलावरच बसले. लाज वाटली. येतो म्हणाला होता आणि आला होता. पान उलटायला मी गेले नव्हते.

मग त्याच गठ्ठ्यातली पुढची वीस पानं मी उलटून पाहिली. तिघांनी मागे लिहिलेलं होतं. एकविसावं उलटायचा धीर झाला नाही.

साहेब अजून निघाले नव्हते. आमचे साहेब दुष्ट नाहीत, हे आधीच सांगते. दुष्ट असते तर भांडून मोकळी झाले असते. त्यांनी दोन्ही बाजू शांतपणे वाचल्या, बाकीच्या तिघांचंही ऐकून घेतलं.

"वाईट झालं," ते म्हणाले. "माणूस आहे का आता?"

"नाही."

"मग त्याला काय उपयोग?"

"बहीण आहे. उद्या तिची फेरचाचणी आहे. हा नमुना काढून टाकू या."

"आज काढला तर का काढला हे लिहावं लागेल. मग त्या तिघांचं काय? त्या वर्षीचे असे किती गठ्ठे आहेत?"

"एकशे बारा."

"कोण उलटणार ती पानं? आणि उलटून त्या लोकांना काय सांगणार, अकरा वर्षांपूर्वी तुम्ही पास होता म्हणून?" त्यांनी पान माझ्याकडे सरकवलं. "पाकिटात जे पान आहे त्याचं उत्तर शून्यच आहे ना? मग नमुना चूक नाही."

यावर मला बोलता आलं असतं. माझ्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते, तेही मी मनात मोजले. मी पान उचललं आणि परत गठ्ठ्यात ठेवून आले.

सकाळी धुलाईवाल्या ताई माझ्या आधी येऊन व्हरांड्यात उभ्या होत्या.

"मिळालं का, बाई?"

खरं तर तिथेच सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "चाचणीनंतर बोलू."

त्यांनी माझ्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं. मग "बरं" म्हणून आत गेल्या. फेरचाचणीला त्या एकट्याच होत्या. मी पाकीट दिलं आणि त्यांच्याकडे पाठ करून भिंतीवरचा तक्ता वाचत उभी राहिले. एकेक अक्षर पाठ असलेला तक्ता. अर्ध्या तासाने त्यांनी कागद आणून दिला.

दहापैकी दहा. चौथ्याच्या चौकटीत शून्य होतं आणि कारणाच्या ओळीत नीट, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'लेखक फक्त स्वतःचा अनुभव सांगतो. उताऱ्यांतला एकही पुरावा नाही. येतो म्हणाला, पण आला नाही.'

माझंच वाक्य होतं ते. मला ते कागदावर वाचवेना.

"चौदा बायका आहेत माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "त्यातल्या दोघी यंदा परीक्षेला बसणार आहेत. सही करा, बाई."

मी परवान्यावर सही केली, शिक्का मारला. मग किल्ली घेतली आणि त्यांना दुसऱ्या मजल्यावर घेऊन गेले. नियमात हे बसत नाही. गठ्ठा सोडून पान त्यांच्या हातात दिलं.

त्या उभ्यानेच वाचत राहिल्या. आधी पुढची बाजू, मग मागची. एका ठिकाणी थांबून त्यांनी अंगठा ओळीवर फिरवला. त्याने पेन इतकं दाबून लिहिलं होतं की अक्षरं हाताला लागत होती.

"किती?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"नीट बघून सांगा. मला बरं वाटावं म्हणून नको."

"तीनच, ताई. चौथा नाही देता येणार. शेवटचा मुद्दा घाईत उरकला आहे."

"हो," त्या म्हणाल्या. "मीही तीनच दिले असते." मग पान परत माझ्या हातात ठेवलं. "दोन पुरले असते हो त्याला."

जिना उतरताना त्यांनी कठड्याला धरलं होतं. मी मागोमाग होते. माफी मागायची म्हणून तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या, बाई. भोपळा मीही म्हणायची त्याला. आणि आज लिहूनही दिला."

पुढच्या महिन्यात नवी तुकडी आली. पाकीट तेच, साहेबांनी त्यातला कागद हलू दिला नाही, आणि मी फार ओढाताण केली असंही नाही. जेवणाच्या आधी चौथा नमुना आला. विनोद मी केला नाही. खोली आखडलेलीच राहिली.

"पान उलटा," मी म्हणाले.

सगळ्यांनी उलटलं. कोरे पांढरे कागद, अकराच्या अकरा. पहिल्या टेबलावरच्या एका बाईंनी आणखी खात्री करून घेतली, उजेडाकडे धरून पाहिलं.

"मागे काही नाही, मॅडम."

"नाही," मी म्हणाले. "आता सरळ करा. याला शून्य द्यायचं."