दोन्हीकडे एक पंचमांश

दारावर हिरवा कागद. चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी.

*

वहिनीचा निरोप: पोचलो. नळाला पाणी आहे. आई जेवल्या आणि लगेच आडव्या झाल्या.

*

पिवळ्या डब्याच्या झाकणावर कोरलेला बाण. बोटभर लांब.

*

कुत्री भुंकली की भीती वाटते. कुत्री गप्प बसली की जास्त वाटते.

*

एक पंचमांश. आणि पुन्हा एक पंचमांश.

*

हललं?

नाही. वरच्या मजल्यावर कुणीतरी कपाट सरकवलं.

*

हे सगळं एका जागी आणायचं तर तिच्या टेबलापासून सुरुवात करायला हवी. ते टेबल भूकंपाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत दुसऱ्या मजल्यावर होतं, खिडकीपासून चांगलं लांब. पूर्वी खिडकीला लागून असायचं. मोठा धक्का बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने ते स्वतः ढकलत भिंतीकडे आणलं आणि तेव्हापासून तिची टिंगल चालू होती.

"इमारतींची डॉक्टर, आणि काचेला घाबरते," समोरच्या टेबलावरून दाढी म्हणायचा. त्याच्या हनुवटीवर होतं तेच त्याचं नाव पडलं होतं.

"काचा मीच मोजते, म्हणून घाबरते," ती म्हणायची.

संस्थेत दोन घराणी होती. जमीनवाले आणि इमारतवाले. जमीनवाले लाटांचा माग काढायचे: कुठून निघाली, किती खोलवरून आली, कुठल्या मातीत फुगली. इमारतवाले त्या लाटेने घराचं काय केलं ते बघायचे. यंत्रं तीच, चहाची किटली एकच, पण एकमेकांचं ऐकून घ्यायची सवय दोघांनाही नव्हती. दाढी जमीनवाला, ती इमारतवाली. मोठ्या धक्क्यानंतर माणसं अपुरी पडायला लागली तेव्हा साहेबांनी दोन्ही घराण्यांच्या हातात पिवळे डबे दिले आणि सगळ्यांनाच गच्च्यांवर पिटाळलं.

गच्चीवर का, तर इमारत कधीच पूर्ण स्वस्थ नसते. वारा असतो, रस्त्यावरून ट्रक जातो, पाण्याचा पंप चालू होतो, आणि ती डोळ्याला न दिसेल इतकी बारीक डुलत राहते. आपल्या ठरलेल्या लयीत. लांबीच्या दिशेने एक लय, रुंदीच्या दिशेने दुसरी. डबा गच्चीवर ठेवायचा, अर्धा तास कुणी आसपास फिरकायचं नाही, की तो दोन्ही लयी टिपून घेतो. इमारत आतून दुखावली असेल तर तिचं डुलणं मंदावतं. किती मंदावलं ते बघून, आणि भेगा डोळ्यांनी बघून, दारावर कागद लागतो. हिरवा म्हणजे राहा. पिवळा म्हणजे सामान तेवढं काढून घ्या. लाल म्हणजे लांब उभे राहा.

अडचण एवढीच की बहुतेक इमारतींचं धक्क्याआधीचं माप कुणाकडे नसतं. भावाच्या इमारतीचं होतं. डबे नवे आले तेव्हा तिने हात बसावा म्हणून त्याचीच गच्ची वापरली होती. वहिनीने वर भजी पाठवली होती आणि भजी खायला कुणीतरी डब्याजवळ आलं म्हणून मोजणी पुन्हा करावी लागली होती.

आता दाढीने त्याच गच्चीवर दुसरं माप घेतलं होतं. त्या इमारतीचा नंबर लवकर लागावा म्हणून तिनेच शब्द टाकला होता. "भूकंपातसुद्धा वशिला," असं दाढीने ऐकवलंही होतं. निकाल चांगला आला. लांबीच्या दिशेने लय एक पंचमांशाने मंद. रुंदीच्या दिशेनेही तेवढीच. विटांच्या भिंती सैल झाल्या, गिलावा सुटला की इतकं होतंच, सांगाडा शाबूत. कागद हिरवा. शाळेच्या मैदानावरच्या तंबूत कंटाळलेल्या भावाला तिने स्वतः फोन केला होता, "जा घरी."

हे काल.

आज दुपारी ती तेच दोन आकडे बघत बसली होती, आणि घास घशात अडकावा तसे ते अडकले होते.

दोन्हीकडे सारखंच कसं?

इमारत चौकोनी नव्हती. लांबुळकी, चपलांचं खोकं उभं करावं तशी. खाली दुकानं, वर चार मजले घरं. धक्का आला तो एका बाजूने आला. भूकंप काही भावंडांत खाऊ वाटायला बसत नाही, तुला एवढा, तुलाही एवढाच.

हललं?

टेबलावरच्या चहात वर्तुळं. पंख्यामुळे. बहुतेक.

"दाढी, बाण कुठे होता?"

"कुठला?"

"डब्यावरचा. भावाच्या गच्चीवर मोजलंस तेव्हा."

"उत्तरेला. आणि कुठे असणार?"

तिने खुर्ची त्याच्याकडे वळवली. दाढीने मान वर केली.

"का? तू कुठे ठेवला होतास?"

"लांबीला."

"का म्हणून?"

"आम्ही लांबीलाच ठेवतो. नेहमी."

"आम्ही नेहमी उत्तरेला ठेवतो," दाढी म्हणाला, आणि मग त्याचाही चेहरा हळूहळू उतरला.

इमारत पूर्व-पश्चिम पसरली होती. उत्तर म्हणजे तिची रुंदी. म्हणजे बाणाच्या दिशेला लांबी धरून दाढीने मोजलेली रुंदी तिच्या जुन्या लांबीशी ताडली गेली होती. इतकी वर्षं एका किटलीतला चहा पिऊन कुणी कुणाला विचारलं नव्हतं की बाबा, तू बाण कुठे धरतोस. दोघांनीही नेमाने, आपापल्या घराण्याच्या रीतीने, अगदी बरोबर मोजलं होतं.

तिने पडद्यावरचे दोन रकाने उलटे लावले. रुंदीच्या दिशेने आता काहीच फरक दिसत नव्हता. एका केसाचाही नाही. आणि लांबीच्या दिशेने इमारतीचा ताठपणा निम्म्याच्याही खाली गेला होता. सगळी जखम एकाच बाजूला होती. कागदावर ती दोन बाजूंत वाटली गेली आणि किरकोळ दिसली.

लांबीची बाजू म्हणजे दुकानांची बाजू. तिथे रस्त्याकडे भिंत नाहीच, नुसती शटरं. वरचे चार मजले तोलायला फक्त खांब.

"पुन्हा मोजू," दाढी म्हणाला. "आत्ता निघू, अर्धा तास वर बसू, खात्री करू, मग सांगू. एकदा चुकलो. आज बाहेर काढलं आणि तेही चुकलं, तर या गावात आपल्या कागदाला कुणी विचारणार नाही."

"आणि त्या अर्ध्या तासात धक्का आला तर?"

दाढीने हेल्मेट उचललं.

*

फोनवरचं बोलणं, जसंच्या तसं:

"बाब्या, सगळ्यांना घेऊन खाली ये."

"ताई, आत्ताच डोळा लागला होता गं."

"खाली ये. आईला घेऊन. आत्ता."

"काल म्हणालीस जा. आज म्हणतेस ये. काल हिरवा, आज लाल, उद्या काय, जांभळा?"

"मोजण्यात चूक झालीय."

"कुणाची?"

"माझी. दाढीची. दोघांची. तू आधी—"

"आई चार दिवसांनी स्वतःच्या उशीवर झोपलीय. तिचे गुडघे बघितलेस का? तीन मजले चढताना रडली ती. आता मी तिला सांगू, की उतर?"

"हो."

"तू ये आणि तूच सांग," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

*

दाढीच्या स्कूटरवर मागे बसून ती इमारती बघत होती. हिरवा. हिरवा. पिवळा. हिरवा. प्रत्येक दारावरचा कागद तिला विचारत होता, माझा बाण कुठे होता? त्यांना आधीचं माप नाही, त्यांची तुलनाच केली नव्हती, तिथे ही चूक होऊच शकत नाही, असं ती स्वतःला बजावत होती आणि तरी मान वळवून वळवून बघत होती.

भावाच्या इमारतीखाली दुकानं उघडी होती. पायरीवर सोसायटीचे अध्यक्ष खुर्ची टाकून बसलेले. हिरवा कागद लागल्यापासून ते असे बसत होते, जणू इमारत त्यांनीच पास करून आणली होती. तिने त्यांच्या डोक्यावरचा कागद फाडला.

"अहो! सरकारी कागद आहे तो!"

"माझी सही आहे त्याच्यावर. सगळ्यांना खाली बोलवा, काका. दुकानंसुद्धा."

"म्हणजे काल तुम्ही झोपेत सही केली का?"

"असं समजा."

"मी शटर अर्धं ओढून बसलो तर चालेल?" कापडाच्या दुकानदाराने विचारलं.

"नाही चालणार."

दाढी अध्यक्षांना समजावत राहिला. त्याचा आवाज चढला, अध्यक्षांचाही चढला, आणि आश्चर्य म्हणजे त्या भांडणामुळेच माणसं गॅलरीत आली. काय झालं विचारायला दोघं-तिघं खालीही उतरली. भांडणाला माणसं उतरतात, इशाऱ्याला नाही.

ती जिना चढली. लाल इमारतीत पाऊल टाकायचं नाही हा नियम तिनेच नव्या लोकांना शिकवला होता. चढताना तिने कठड्याला हात लावला नाही, कारण हात लावला असता तर तो थरथरतोय का हात थरथरतोय ते कळलं नसतं.

हललं?

पुढची पायरी.

आई पलंगावर, तोंडावर पदर. भाऊ दारात हाताची घडी घालून. वहिनी स्वयंपाकघरातून डोकावली. "ताई, चहा टाकू?" असं सवयीने विचारून गेली आणि मग स्वतःच गॅस बंद केला.

"आई, ऊठ. खाली जायचंय."

"मी नाही आता कुठे जात." पदराआडून. "तुमचा तो तंबू तुम्हाला लखलाभ. जमिनीवरून उठताना माझा जीव जातो. मरायचं तर माझ्या उशीवर मरेन."

"आई, असं काय बोलतेस," भाऊ म्हणाला, पण बघत होता बहिणीकडे.

तिच्याकडे सांगायला खूप होतं. लय, ताठपणा, शटरं, खांब. मैदानातल्या लोकांना ती हे तासभर समजावून सांगू शकत असे; तिने सांगितलंही होतं. आत्ता एकही शब्द जिभेवर येईना. ती उंबऱ्यात उभी राहिली, एक पाय आत, एक बाहेर, आणि नजर खोलीच्या तुळईवर.

आईने पदर बाजूला केला. थोडा वेळ लेकीकडे बघितलं.

"बस की."

"नको."

"चारदा आलीस या घरात तर पाच वेळा याच पलंगावर लोळलीस. बस."

"बसवत नाहीये, आई."

खालून अध्यक्षांचा आवाज येत होता, लेखी द्या, लेखी द्या.

"ही लहानपणापासून सगळ्यांना घाबरवते," आई भावाला म्हणाली. "विहिरीत वाकू नका, गॅसजवळ जाऊ नका. घाबरवताना तोंड कसं चुरूचुरू चालतं हिचं. खरी घाबरली की वाचा जाते." तिने पाय पलंगाखाली सोडले. "माझी चप्पल दे रे. आणि खुर्ची आण, मला पायऱ्या जमायच्या नाहीत."

भाऊ आणि वर धावत आलेला दाढी, दोघांनी आईला खुर्चीसकट उचललं. दाढी पुढे, उलटा उतरत. वहिनीने उशी घेतली, औषधांची पिशवी घेतली, दार ओढलं, आणि कुलूप लावावं की नाही यात क्षणभर अडकली. "राहू दे, वहिनी," ती म्हणाली. वहिनीने तरी लावलंच. तेवढ्या वेळात तिने मनात इमारतीचं डुलणं मोजलं, मंद, फार मंद, आणि मोजणं थांबेना.

"अहो दाढीवाले," जिन्याच्या वळणावर आई म्हणाली, "पाडलंत तर भूकंपाच्या नावावर खपेल, काळजी करू नका."

दाढीला हसू आलं आणि खुर्ची डगमगली. मागून उतरणाऱ्या लेकीच्या तोंडून किंकाळी बाहेर पडली. दिवसभरातली तेवढीच.

*

रस्त्याच्या पलीकडे, इमारतीच्या उंचीहून लांब, सगळे उभे. अध्यक्षही. हिरव्या कागदाचे तुकडे त्यांनी पुरावा म्हणून खिशात ठेवले होते.

काही झालं नाही.

कुणीतरी मुद्दाम मोठ्याने म्हणालं, "छान उभी आहे की." दुसरं कुणी हसलं. दुकानदार घड्याळ बघत होता. भाऊ तिच्याशी बोलत नव्हता. आईच्या पायाशी, जमिनीवर टाकलेल्या उशीवर बसून तिचे गुडघे चोळत होता. साहेबांचे फोन येत होते आणि दाढी ते घेत होता, "हो साहेब. दोघांचीही, साहेब." नवी मोजणी आता बाहेरून, यंत्रं बांधून, सावकाश होणार होती. तोवर लाल कागद. तो तिने स्वतः लावला, हात लांब करून, आणि मागे पळत आली. त्यावरही लोक हसले.

इमारत उभी होती. दोरीवरचे कपडे वाऱ्यावर हलत होते. तिच्या लक्षात आलं की ती गॅलऱ्यांकडे बघत वाट पाहते आहे. एखादी भेग दिसावी, एक काच फुटावी, एवढंसं काहीतरी पडावं, म्हणजे हे सगळे तिच्याकडे असं बघायचे थांबतील. आणि ते पडावं असं वाटणाऱ्या त्या क्षणी तिला पहिल्यांदा स्वतःची भीती वाटली.

"ताई," वहिनी हळूच म्हणाली, "आपण खरंच बरोबर उतरलो ना?"

"माहीत नाही," ती म्हणाली.

भावाने वर बघितलं. सरकून त्याने तिला उशीवर जागा करून दिली.

कापडाच्या दुकानातल्या मोठ्या आरशामागचा खांब मोठ्या धक्क्याच्याच दिवशी फुटला होता; आरसा हलवून कुणी बघितलं नव्हतं.