पाचव्या तारेची खुंटी

मी एक बँजो बोलतेय, आणि आधीच सांगून ठेवते, मला कुणी सतारीचं पिल्लू म्हणायचं नाही. भोपाळमधल्या कोटरा सुल्तानाबादच्या या घरात आले, तेव्हा शेजारच्या मीनाताईंनी विचारलं होतं, "काय गं वसुधा, डफलीला दांडा कुणी ठोकला?" हसू दे. मी शंभरीची आहे, आणि मला हसणारे पुष्कळ पाहिलेत.

माझं खानदान आफ्रिकेतलं. भोपळा कापायचा, त्यावर कातडं ताणायचं, दांडा बसवायचा, तारा ओढायच्या. तिथल्या माणसांना साखळ्या घालून जहाजात कोंबलं आणि अमेरिकेत नेऊन विकलं. बरोबर काही घेऊ दिलं नाही, पण हातांना सगळं आठवत होतं. त्या हातांनी तिकडच्या भोपळ्यातून माझी पणजी पुन्हा घडवली. काही ठिकाणी मालकांनी ढोल बंद केले, ढोलावरून निरोप जातात म्हणून. भोपळ्याला कोण घाबरणार? मूर्ख मेले!

पुढे अमेरिकेतल्या डोंगरात स्कॉटलंड-आयर्लंडकडची गरीब माणसं आली. त्यांच्याकडे फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, होतं आणि लांबच लांब गाणी होती. कुणी कुणाला नदीत ढकललं, कुणाची बायको परक्याबरोबर पळाली, असल्या गोष्टी. बायका लोणी घुसळताना ती गायच्या आणि तीच गाऊन पोरं झोपवायच्या. पोरं झोपायची कशी, मला कळलेलं नाही! गोऱ्यांचं फिडल आणि काळ्यांचा बँजो एका ओसरीवर बसले, आणि तिथून त्या देशाचं गाणं सुरू झालं.

शहरातल्या गोऱ्यांनी मात्र तोंडाला काळं फासून, मलाच हातात घेऊन, ज्यांचं मी वाद्य त्यांचीच नक्कल केली. लोक पोट धरून हसले. नंतर वह्या घेऊन शिकलेली माणसं गाणी उतरवून घ्यायला डोंगरात आली, मग तबकड्या काढणारे आले. वहीवर नाव लिहिणाऱ्याचं, गाणं बाईचं. बाईचं नाव विचारायला कुणाला सवड होती?

माझा जन्म तिथल्याच एका सुताराच्या खोपटातला. मेपलचा दांडा, बकरीचं कातडं आणि पाच तारा. चार लांब, पाचवी आखूड. तिची खुंटी इतरांसारखी वर नसते, दांड्याच्या मध्यावर बाजूला असते. अंगठ्याने छेडली की ती एकच सूर धरून ठेवते. ती भोपळ्याच्या काळापासूनची आहे. ती गेली तर माझ्यात उरतं काय?

कंपनीच्या ट्रेनिंगला तिकडे गेलेल्या निनादने मला एका म्हातारीकडून घेतलं आणि भोपाळला आणलं. थोडंफार वाजवायला शिकला, मग कोलार रोडवरच्या बांधकामाच्या साइटने त्याला गिळलं. मी खिळ्यावर लटकले.

निनादची आई वसुधाबाई. चौथीपर्यंत शिकलेली, डबे करणारी, जिभेला धार. इथल्या मराठी मंडळाचा भोंडला दरवर्षी तीच घेते. पाटावर हत्ती काढायचा, भोवती मुलींनी फेर धरायचा, सासरच्या माणसांची गाण्यातून यथेच्छ खिल्ली उडवायची, आणि शेवटी डब्यातली खिरापत ओळखायची. यंदा मंडळाचे सेक्रेटरी केशवराव घरी आले आणि चहा संपवून म्हणाले, "वसुधाताई, गेल्या वर्षी पाच मुली होत्या. त्यातल्या दोन तुमच्या भाच्या. यंदा पंधरा झाल्या तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षीपासून ती संध्याकाळ गरब्याला."

"आणि भोंडला?"

"काळ बदलतो हो."

"काळ नाही, तुम्ही बदलताय. पंधरा ना? आणते."

ते गेल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. निनादला म्हणाली, "हे तुझं अमेरिकन तुणतुणं वाजव भोंडल्यात. त्या निमित्ताने तरी पोरी येतील." तुणतुणं! पण त्या दिवशी मी तिला माफ केलं.

माझी पाचवी खुंटी सैल झाली होती. वसुधाबाईने मला हार्मोनियम-तबले दुरुस्त करणाऱ्या रमेशकडे दिलं. तो भला माणूस, हात साफ. फक्त भलत्या जागी खुंटी दिसली की त्याला राहवत नाही. त्याने ती उपटली, भोकात लाकूड ठोकलं, वर लाख भरून पॉलिश केलं. भोंडल्याच्या आदल्या दिवशी मी चार तारांची होऊन घरी आले. चकचकीत आणि मुकी.

निनाद ओरडला, "आई, पाचवी तार कुठंय? तिच्याशिवाय हे वाजतच नाही!"

वसुधाबाई तशीच दुकानात. रमेश अभिमानाने म्हणाला, "दीदी, किसी अनाड़ी ने बीच में खूँटी ठोक दी थी. मैंने बराबर कर दिया."

"बराबर? नाक काट के बोलता है बराबर किया! खूँटी कहाँ है?"

"वो तो एक बाबाजी के एकतारे में लगा दी."

"अरे देवा! कल शाम को मेरा भोंडला है, रमेश. ये नहीं बजा तो समझो हमेशा के लिए गया. बना दूसरी. मैं यहीं बैठी हूँ."

आणि ती बसली, स्टुलावर, पदर खोचून. रमेशने शिसवाची नवी खुंटी तासली, भोक पाडलं, तार ओढली. वसुधाबाईने अंगठ्याने छेडली. टिंग! "हां, आता बोलली," ती म्हणाली. इतक्या वर्षांत मला असं कुणी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टी. टी. नगरच्या मैदानात हत्तीभोवती सातच मुली. केशवराव बोटं मोडत उभे. निनादची चाल दोनदा चुकली. तेव्हा वसुधाबाई कडाडली, "अरे, सगळं सोड, ती आखूड तार तेवढी धर!" त्याने अंगठा चालू ठेवला, तिने गाणं उचललं, आणि माझ्या त्या एका सुरावर सासू, नणंद, दीर, सगळे धडाधड सोलून निघाले. डोंगरातल्या बायका इथे असत्या तर फेरात शिरल्या असत्या!

रस्त्यापलीकडे गरब्याच्या प्रॅक्टिसला आलेल्या पोरी दांडिया हातात घेऊन डोकावल्या. "ये कौन सा गिटार है, आंटी?"

"आधी फेर धर, मग सांगते."

फेर एकाचे दोन झाले. केशवराव मोजायला लागले, तर मुली फिरत होत्या, त्यांना मोजता येईनात. खिरापत कुणालाच ओळखता आली नाही. सुरळीच्या वड्या होत्या.

"बरं बाई, पुढच्या वर्षी ठेवू भोंडला," केशवराव तोंडात वडी कोंबून म्हणाले. "पण निनादची बदली झाली तर वाजवणार कोण?"

"मी," वसुधाबाई म्हणाली.

आता रोज दुपारी डबे गेले की ती मला मांडीवर घेते. तिच्या बोटांना भाजणीचा वास येतो, आणि चुका भरपूर. चुकली की शिवी मला देते! मी खुशीत आहे. तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी खिळ्यावर लटकत असेल, तर एवढं ऐका. पुसून परत टांगू नका. खाली काढा आणि वाईट वाजवा. चला, डबे गेले वाटतं. बाई येतेय.