मालकाच्या हातात दोरी

बारक्या गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "ताई, ही होईल."

नेमकं तेच मला ऐकायचं नव्हतं. होईल म्हणजे दुरुस्त होईल, दुरुस्त झाली म्हणजे बाबा चालवतील, आणि बाबांनी चालवली तर पुढच्या खेपेला आईच्या नुसत्या हातावर भागणार नाही.

"तू नाही होणार म्हण," मी म्हटलं. "चासी वाकलीय, खालचा सांगाडाच गेलाय म्हण. भंगारात घाला म्हण."

बारक्याचा चेहरा पडला. हा गॅरेजात शिकायला आला तेव्हा काडीसारखा होता, म्हणून बाबांनी हे नाव ठेवलं. आता तो ऑफिसच्या दारातून आडवा होऊन आत शिरतो, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. बाबांचे गुडघे गेल्यावर गॅरेज त्यानेच चालवायला घेतलं.

"मिस्त्रींसमोर खोटं बोलू? मला पाना धरायला त्यांनी शिकवलं, ताई. पत्र्यावर हात ठेवला की सगळं कळतं त्यांना."

"पत्र्याचं कळतं. स्वतःचं कळत नाही."

भर दुपारी, लख्ख उन्हात, रस्त्याच्या डाव्या कडेला उभ्या असलेल्या टेम्पोच्या मागच्या फळकुटावर बाबांनी गाडी घातली होती. टेम्पो काय सुई होती न दिसायला? पण बाबा भेटेल त्याला सांगत सुटले होते, टेम्पो दिसताक्षणी ब्रेक मारला, रस्त्यावर वाळू होती, चाकं घसरली. खरं काय ते मला आईने दवाखान्यात प्लास्टर वाळत असताना सांगितलं. गेले कित्येक महिने बाबांना डावीकडचं नीट दिसत नव्हतं. डॉक्टरांचं नाव काढलं की अंगावर यायचे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय! मग आईच शेजारी बसून सांगत राहायची. सायकल आहे हं. खड्डा आहे. म्हातारी उतरतेय. "किती बडबड करतेस गं," असं म्हणत बाबा ते सगळं चुकवायचे.

"त्या दिवशी माझा डोळा लागला," आई म्हणाली. "माझंच चुकलं."

"तुझा लागला, त्यांचे तर उघडे होते ना!" मी एवढ्या जोरात ओरडले की नर्सने वळून पाहिलं.

तोंडावर सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या मोडक्या गाड्या उभ्या केल्या, त्याला 'तुम्ही आता गाडी चालवू नका' असं मी कुठल्या तोंडाने सांगणार? म्हणून बारक्याच्या गळ्यात पडले होते.

"चासीच गेली म्हटलं की कुणाचाच दोष नाही," मी म्हटलं. "झाकली मूठ राहील रे."

बारक्या हातातलं फडकं पिळत राहिला.

तेवढ्यात बाबा आणि आई बसमधून उतरून आत आले. बाबांनी गॅरेजचा जुना खाकी शर्ट घातला होता. दाराशी डाव्या हाताला जॅक उभा होता, त्यांचा पाय लागून तो वाटेतच आडवा पडला. "वाटेत काय ठेवता रे!" ते ओरडले आणि लंगडत गाडीपाशी आले.

गाडीजवळ येताच मात्र त्यांचं वय उतरलं. रेडिएटर नवा लागेल. डावा मडगार्ड ठोकून निघेल. दिवा बदलायचा. ते बोटांनी पत्रा चाचपत भराभरा बोलत होते आणि आई प्लास्टरचा हात गळ्यातल्या झोळीत अडकवून एका स्टुलावर बसून नुसती ऐकत होती. "गाडी मरत नाही, बारक्या," बाबा म्हणाले. "मालक कंटाळतो."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लहानपणापासून ऐकून ऐकून मला त्याचा वीट आला होता.

"चासी मापलीस?"

"आता मापतो," बारक्या माझ्याकडे न बघता म्हणाला.

या गॅरेजात चासी मापायची पद्धत बाबांनीच घालून दिली होती. एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणायची, चिमटीत माप धरायचं, मग तीच दोरी दुसऱ्या तिरप्या जोडीवर लावून बघायची. मापं जुळली तर चासी सरळ. आणि एक नियम होता. मालकाच्या हातात दोरी द्यायची नाही. मालकाचा हात खोटं बोलतो, मनासारखं माप निघेपर्यंत ओढतो. म्हणून बाबा हात पाठीमागे बांधून बाजूला उभे राहिले.

बारक्या दोरीचा गुंता सोडवत बसला. सोडवायला एवढा वेळ लागावा असा तो गुंता नव्हता. मोकळा वेळ मिळाला म्हणून बाबा गाडीच्या नाकापाशी वाकले.

ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालते, हे त्यांनी या शेडमध्ये शिकायला आलेल्या प्रत्येकाला शिकवलं होतं. मग समोरचं फळकूट बॉनेटवर चढतं. ब्रेक मारलाच नसेल तर मार सरळ नाकावर बसतो. कुणी कितीही शपथा घेऊ दे, पत्रा खोटं बोलत नाही.

बॉनेटवर ओरखडा नव्हता. फळकुटाची खूण दिव्याच्या बरोबर मध्यावर आडवी बसली होती. बाबांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. परत फिरवला. मग त्यांनी मान वळवून आईच्या प्लास्टरकडे पाहिलं. आईने पदर उगाचच सारखा केला.

मी एवढा खटाटोप केला होता, आणि टेम्पो दिसलाच नव्हता हे त्यांना त्यांच्याच विद्येने सांगून टाकलं होतं.

"दोरी आण," बाबा म्हणाले.

"मिस्त्री, मालकाने..."

"मालक मी, नियमही माझाच. आण."

बारक्याने एक टोक बोल्टला अडकवलं. बाबा गुडघे टेकून बसले, कण्हत. मी शेजारीच बसले होते. त्यांनी पहिलं माप चिमटीत धरलं. दुसऱ्या जोडीवर दोरी ताणली. चिमूट बरोबर समोरच्या कोपऱ्यावर आली, केसाचाही फरक नव्हता. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी चिमूट सैल केली, दोरी थोडी सरकू दिली आणि पुन्हा घट्ट धरली.

"दोन बोटं फरक," ते म्हणाले. "चासी गेली. घाल भंगारात."

"होय मिस्त्री," बारक्या म्हणाला. त्याने दोरी घेतली आणि पुन्हा मापून न बघता गुंडाळून खिळ्याला अडकवली. मग फडक्याने तोंड पुसायला लागला. फडकं ऑइलचं होतं.

मला हवं होतं ते झालं होतं. तरी वाटत होतं, ओरडून सांगावं की चासी सरळ आहे, होईल ही गाडी, हिला काही झालेलं नाही.

"म्हणजे आता गाडी नाही?" आईने विचारलं.

"नाही."

बाबा गाडीला धरून उभे राहिले, तशी आईही स्टुलावरून उठली. बाबांच्या उजवीकडून वळसा घालून ती त्यांच्या डाव्या बाजूला गेली आणि धड हाताने त्यांचं कोपर धरून दाराकडे निघाली.

"पुढे जॅक आहे हं," ती हळूच म्हणाली.

बाबा या वेळी तिला बडबड करतेस म्हणाले नाहीत. त्यांनी पाय उचलला, आणि तो उगाचच फार उंच उचलला.