मी मागितलेलं दार

मी आता कोणाहीपुढे बोलते. माइक नसला तरी शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जातो. आमचे सर म्हणतात, बबिताला फक्त उभं करा, थांबवायचं कसं ते नंतर पाहू! पण हे बोलणं मला दीपानं शिकवलं, म्हणून ही गोष्ट सांगताना मला टाळ्या नकोत.

आठवीपर्यंत मी वर्गात तोंड उघडत नव्हते. मी बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. घरी याडीशी, म्हणजे आईशी, गोरबोली बोलायची सवय, त्यामुळे मराठीत अडखळायची आणि पोरी फिदीफिदी हसायच्या. दीपा हसली नाही. तिचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं गेलेले. हातानं चालवायची तीनचाकी सायकल घेऊन ती शाळेत यायची. शाळा सुटली की तांड्याकडे जाणारी माझी जीप यायला तासभर असायचा. तो तास आम्ही गावातल्या बागेत काढायचो. दीपा पार टोकाच्या कडुनिंबाखाली सायकल लावायची आणि मला फाटकाजवळ उभं करायची.

"बोल!"

मी बोलायची.

"ऐकू नाही आलं!"

असं रोज. वर्षभरानं ऐकू यायला लागलं.

दीपाच्या गल्लीत सायकल वळतसुद्धा नव्हती. चाकं मोकळी सोडायला तिला ही एवढीच जागा. बागेतल्या उतारावर हात सोडून ती ओरडायची, "हटा, हटा! वणीचा कोळशाचा ट्रक आला!"

त्या वर्षी कापसाचे असे वांधे झाले की वैरण कोणाच्यानं होईना. लोकांनी जनावरं मोकाट सोडली आणि ती बागेत शिरली. फुलझाडं संपली, घसरगुंडीखाली शेणाचे पो. म्हणून सव्वीस जानेवारीच्या भाषणाला मी विषय घेतला, गाय शिरणार नाही असं दार बागेला पाहिजे. सराव चालला असताना दीपानं मधेच विचारलं, "पण माही सायकल जाईन ना वं?"

"तू काय गाय हायेस का? जाईन ना!" असं म्हणून मी लगेच पुढचं वाक्य घेतलं. त्यावर टाळ्या पडणार होत्या.

पडल्या. नगर परिषदेचे साहेब पाहुणे होते, त्यांनी माइकवरच कबूल केलं. महिन्याभरात दार झालंसुद्धा! जुनं मोठं फाटक वेल्डिंग करून कायमचं बंद, बाजूला लोखंडी पाइपांची वाकडीतिकडी वाट. माणूस अंग चोरून जातो, गाय अडकते. मी नाचतच आत गेले. मागे वळून पाहिलं, तर दीपाचं पुढचं चाक पहिल्याच वळणावर पाइपाला टेकलं होतं.

तिनं दोनदा मागे घेतलं, दोनदा वळवून पाहिलं. पानटपरीवरची माणसं बघत होती.

"मी उचलून घेतो तुले," मी म्हटलं.

"काहून? मी काय कापसाचं गाठोडं हाये?" मग ती हसली. "गायीले अन मले एकच कायदा लावला वं तू."

चिडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी वेणीची लाल रिबन सोडली, तिच्यानं सायकलची रुंदी मोजली, तेवढ्यावर गाठ मारली आणि साहेबांच्या ऑफिसात गेले.

"अरे, ही तर आपली भाषणवाली!" साहेब खूश झाले. "तुझ्याच म्हणण्यावरून दार केलं. आता गायी येतात का?"

"नाही सर."

"मग?"

सगळे माझ्याकडे कौतुकानं पाहत होते. रिबन मुठीत होती.

"थँक्यू सर," मी म्हटलं आणि बाहेर आले.

दीपा बागेच्या बंद फाटकापाशी सायकलवर बसली होती.

"बोलली?"

मी मान हलवली. नाही.

तिनं माझ्या मुठीतून रिबन काढली, गाठ नीट आवळून परत दिली. "उद्या पुन्हा जाशीन. आता मले बोलून दाखव." मग सायकल वळवून ती रस्त्यापलीकडे गेली, पार पिंपळापर्यंत. मधून जीपा, गाड्या जात होत्या.

"बोल!"

"साहेब, माझ्या मैत्रिणीनं मला विचारलं होतं..."

"ऐकू नाही आलं!" दीपा पलीकडून ओरडली.